एका एलईडीचा वेग बदलला की दुसऱ्याचाही बदलतो: लिनक्स कर्नल, टायमर ट्रिगर, पीसीए ९६३४

मकरपुराकर, बडोदे (प्रश्न)

नमस्कार. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत आमचे कंट्रोल पॅनेल तयार करण्याचे लहानसे युनिट आहे. पॅनेलमध्ये लिनक्सवर चालणारा एआरएम बोर्ड असून दर्शनी भागावरचे हिरवा, पिवळा आणि तांबडा हे तीन एलईडी दिवे आयटूसी बसवरच्या (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या सामायिक मार्गावरच्या) पीसीए ९६३४ या एलईडी चालवणाऱ्या चिपमधून चालतात. मोटर चालू असताना हिरव्याची उघडझाप संथ व्हावी, म्हणजे तो १००० मिलिसेकंद पेटलेला आणि तितकाच वेळ विझलेला असावा. बिघाड झाल्यास तांबड्याची १००–१०० मिलिसेकंदांनी जलद उघडझाप व्हावी. पिवळा स्थिर पेटलेला राहतो.

सिसएफएसमध्ये (लिनक्स उपकरणांची सेटिंग्ज फाइलींच्या रूपात दाखवते तिथे) दोन्ही दिव्यांना टायमर हा ट्रिगर, म्हणजे दिवा केव्हा पेटावा हे ठरवणारी सोय, लावून डिले-ऑन (पेटलेला काळ) आणि डिले-ऑफ (विझलेला काळ) या फाइलींत मिलिसेकंदांचे आकडे लिहिले जातात. एकटा हिरवा दिवा हवा तसा चालतो. मात्र तांबड्याची उघडझाप सुरू होताच हिरवाही त्याच गतीने लुकलुकू लागतो, आणि तरीही हिरव्याच्या फाइली वाचल्यास त्यांत १००० हाच आकडा असतो. पिवळ्यावर काहीच परिणाम होत नाही. दुसरी विचित्र गोष्ट अशी, की तांबड्याला दोन्हीकडे १५ दिले तर तो अधिक जलद होण्याऐवजी अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने उघडझाप करतो. वायरिंग तपासले आहे, चिप बदलूनही पाहिली आहे. दोष आमच्या स्क्रिप्टमध्ये शोधावा की लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये?

दांडियाबाजारकर

प्रथम स्क्रिप्टमधील क्रम पाहावा असे सुचवतो. ब्राइटनेस या फाइलीत शून्य लिहिले, की कर्नल दिवा विझवतो आणि त्याचा ट्रिगरही काढून टाकतो. ट्रिगर गेला, की डिले-ऑन व डिले-ऑफ या फाइलीही नाहीशा होतात आणि त्यांत लिहिण्याचा पुढचा प्रयत्न फसतो. ‘आधी दिवा विझवून घेऊ, मग वेग देऊ’ अशा सद्हेतूने लिहिलेल्या स्क्रिप्टी यामुळेच अडखळतात. तेव्हा ट्रिगर आधी लावावा, आकडे नंतर लिहावेत, आणि लिहिल्यावर लगेच तेच आकडे परत वाचून पाहावेत. तांबड्याला १५ दिल्यानंतर फाइलीत काय दिसते?

मकरपुराकर, बडोदे

क्रम आपण सांगता तोच आहे, शून्य कुठेही लिहिलेले नाही. १५ दिल्यानंतर मात्र दोन्ही फाइलींत ५०० दिसते. हे आधी तपासायला हवे होते असे कोणी म्हणण्यापूर्वीच कळवतो, की बोर्डाच्या पुरवठादाराने दिलेली डिव्हाइस ट्री (बोर्डावर कोणती उपकरणे कशी जोडली आहेत हे कर्नलला सांगणारी फाइल) आम्ही जशीच्या तशी वापरतो.

लष्करकर, ग्वाल्हेर

फाइलीत ५०० दिसते, यावरून उलगडा होतो. आपल्या दिव्यांची उघडझाप कर्नल करत नसून चिप स्वतः करत आहे.

टायमर ट्रिगरला उघडझाप हवी असते तेव्हा कर्नलमधली एलईडी उपप्रणाली आधी ड्रायव्हरला (त्या चिपशी बोलणाऱ्या कर्नलमधल्या कोडला) विचारते, की हे काम हार्डवेअरकडून होईल का. ड्रायव्हरने त्यासाठीचे फंक्शन दिलेले असेल तर दोन्ही आकडे त्याच्याकडे जातात, आणि हार्डवेअरच्या मर्यादेनुसार ते बदलून परत करण्याची त्याला मुभा असते. फंक्शन नसेल, किंवा त्याने नकार दिला, तर कर्नल स्वतःच्या सॉफ्टवेअर टायमरने दिवा उघडझाप करतो.

पीसीए ९६३३, ९६३४ आणि ९६३५ या चिपांमध्ये प्रत्येक दिव्याची प्रखरता स्वतंत्र ठेवता येते, पण उघडझापीचे घड्याळ संपूर्ण चिपमागे एकच असते. कालावधी ठरवणारे एक रजिस्टर (चिपमधला आकडा साठवण्याचा कप्पा) आणि त्यातला पेटलेला हिस्सा ठरवणारे दुसरे, अशी एकच जोडी. ज्या दिव्यांना उघडझाप लावली आहे तेवढेच त्या घड्याळावर जातात, म्हणून आपला पिवळा अलिप्त राहिला. परंतु घड्याळावर असलेले सारे दिवे शेवटी लिहिलेल्या वेगाने चालतात. हिरव्याच्या फाइलीत १००० राहते, कारण तांबड्यासाठी रजिस्टर बदलताना हिरव्याची नोंद कोणी बदलत नाही. ड्रायव्हरच्या सुरुवातीच्या टिपणीतच स्पष्ट लिहिले आहे, की ही पद्धत एलईडी उपप्रणालीने ड्रायव्हरसाठी ठरवलेल्या नियमांत बसत नाही.

१५ चे कोडेही येथेच सुटते. या ड्रायव्हरमध्ये एका आवर्तनाची किमान मर्यादा ४२ मिलिसेकंद आणि कमाल १०६६७ मिलिसेकंद आहे. १५ आणि १५ मिळून ३० होतात, ते मर्यादेबाहेर पडतात, आणि ड्रायव्हर त्रुटी न कळवता ५००–५०० लावून मोकळा होतो. माझ्या मते येथे नकार देणे अधिक योग्य ठरले असते, कारण मग कर्नलने हे काम स्वतःकडे घेतले असते.

हार्डवेअर उघडझाप मुळात बंदच असते. आपल्या डिव्हाइस ट्रीमध्ये चिपच्या नोडखाली ‘एनएक्सपी, एचडब्ल्यू-ब्लिंक’ हा गुणधर्म कोणीतरी टाकलेला असणार. ती ओळ पूर्ण काढून टाकावी. तिला शून्य ही किंमत देऊन भागणार नाही, कारण हा गुणधर्म नुसता असला तरी ‘होय’ असाच धरला जातो. त्यानंतर डिव्हाइस ट्री पुन्हा कंपाइल करून बोर्ड रीबूट करावा.

मकरपुराकर, बडोदे

ती ओळ खरोखरच होती. काढल्यावर दोन्ही दिवे आपापल्या वेगाने चालतात. मनःपूर्वक आभार. एकच शंका उरते: आता प्रत्येक उघडझापीला आयटूसी बसवर व्यवहार होणार, आणि त्याच बसवर आमचा तापमापक सेन्सरही आहे. त्याला अडथळा होईल का?

लष्करकर, ग्वाल्हेर

तांबड्याचे सेकंदाला १० आणि हिरव्याचा १, एवढेच बदल होतात. बस १०० किलोहर्ट्झवर असली तरी रजिस्टर वाचून परत लिहिण्यास एका बदलामागे साधारण एक मिलिसेकंद जातो, म्हणजे बसचा जेमतेम शंभरावा भाग. सेन्सरला ते जाणवणार नाही. आयटूसीवर लिहिताना थांबावे लागते आणि टायमरचा कोड चालू असताना थांबता येत नाही, म्हणून कर्नल हे लेखन वर्कक्यूकडे (नंतर करायच्या कामांच्या रांगेकडे) सोपवतो; प्रोसेसरवर ताण असेल तेव्हा वेग किंचित मागेपुढे होईल, इतकेच.

दांडियाबाजारकर

पॅनेलच्या दृष्टीने हा बदल इष्टच आहे असे मला वाटते. चिप स्वतः उघडझाप करत असताना कर्नल पूर्ण गोठला तरी हिरवा दिवा लुकलुकत राहिला असता, आणि ऑपरेटरने यंत्रणा ठीक आहे असे समजून तिच्यासमोरून निघून जाणे साहजिक होते. आता कर्नल थांबला की दिवाही जिथल्या तिथे थांबेल. तरीही वरच्या पातळीवरचा प्रोग्रॅम बंद पडल्याचे या दिव्यावरून कळणार नाही, कारण एकदा आकडे लिहिले की टायमर त्या प्रोग्रॅमवर अवलंबून राहत नाही. तेही दाखवायचे असेल तर हिरव्यासाठी टायमरऐवजी वनशॉट हा, दर आदेशाला एकदाच उघडझाप करणारा ट्रिगर लावावा आणि मोटरची स्थिती वाचणाऱ्या प्रोग्रॅमनेच प्रत्येक फेरीत त्याच्या शॉट या फाइलीत लिहावे. मग प्रोग्रॅम अडकला की उघडझाप थांबते.