शब्दचर्चा : ‘कोअर डंप’मधला कोअर कुठला?

प्रश्न : लिनक्सवर प्रोग्रॅम कोसळला की ‘कोअर डंप्ड’ असं येतं. हा कोअर प्रोसेसरचाच ना? भाषांतरात ‘गाभा’ लिहिलं तर चालेल?

उत्तर : प्रोसेसरच्या कोअरशी याचा संबंध नाही. हा शब्द मेनफ्रेमच्या, म्हणजे जुन्या अवाढव्य संगणकांच्या जमान्यातला. तेव्हा मेमरीच कोअरची असे. कोअर म्हणजे फेराइट या चुंबकीय पदार्थाची इवलीशी कडी, एका कडीत एक बिट, म्हणजे ० किंवा १. अशा हजारो कड्या तारांच्या जाळीत ओवलेल्या. एका आडव्या आणि एका उभ्या तारेतून निम्मा-निम्मा प्रवाह सोडला की दोन्ही तारा जिथे छेदतात तेवढ्याच कडीचं चुंबकत्व पलटतं. गंमत म्हणजे बिट वाचलं की पुसलं जाई, ते लगेच पुन्हा लिहावं लागे. वीज गेली तर मात्र सगळं जिथल्या तिथे! अमेरिकेतल्या एमआयटीच्या व्हर्लविंड संगणकात १९५३ साली ही मेमरी बसली. आयबीएमने ७ एप्रिल १९६४ रोजी जाहीर केलेली सिस्टम/३६० ही मेनफ्रेमची मालिकाही कोअरवालीच, आणि आपल्या मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेतला टिफ्रॅक संगणकही.

ओएस/३६० या सिस्टम/३६० च्या ऑपरेटिंग सिस्टमवर जॉब (चालवायला दिलेलं काम) मध्येच आपटला आणि जेसीएलमध्ये, म्हणजे जॉबसोबतच्या सूचनांमध्ये, ‘सिसयूडंप’चं कार्ड लावलेलं असलं, की मेमरीतला मजकूर हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकांत) लाइन प्रिंटरवर छापून येई. तोच डंप. कोबोल भाषेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना ‘एस-झीरो-सी-सेव्हन’ हा एरर कोड दिसला की कळे, आकड्याच्या जागी भलतंच काही शिरलंय, बहुतेकदा नुसत्या स्पेस. मग पत्ता धरून कागदांच्या थप्पीत शोधत बसा.

प्रतिसाद : पण ‘गाभा’ अगदीच चूक कसा? ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी कोअरला मराठीत गाभाच म्हणतात, आणि हा फेराइट कोअर त्याच घराण्यातला.

उत्तर : व्युत्पत्तीपुरतं मान्य. पण वापरात शब्द कधीच पुढे सरकला होता. १९७० मध्ये आयबीएमने ३७०/१४५ ही मेनफ्रेम काढली, तिची मुख्य मेमरी कड्यांची नव्हे, सेमीकंडक्टर चिपची, तरी मंडळी ‘प्रोग्रॅम कोअरमध्ये मावत नाही’ असंच म्हणत. तिथे गाभा घालून बघा, वाक्य बसतं का! बोलताना कोअर डंपच म्हणावं, लिहिताना फार तर ‘मेमरी डंप’. लिनक्सच्या त्या ओळीला ‘मेमरीची प्रत फाइलमध्ये उतरवली’ पुरे. डंपसाठी ‘निक्षेप’ सुचवणारेही भेटतील. त्यांना सांगा, तो शब्द ठेवीसाठी राखून ठेवा.