मदत हवी आहे: पोलो जीटीसाठी टायर कुठले घ्यावेत?

मंडळी, माझी २०१४ ची फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आहे, टायरचा कंपनीचा साइज १८५/६० आर१५ (रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६०%, रिम १५ इंची). परवा ताम्हिणीत पावसात एका वळणावर पुढची चाकं सरळच निघाली, बायको शेजारी होती, खरंच घाबरलो. घरी येऊन बघितलं तर टायरच्या साइडवॉलवर (बाजूवर) ३११८ कोरलंय, म्हणजे २०१८ चा ३१ वा आठवडा, रबर दगडासारखं झालंय आणि खाचा झीज दाखवणाऱ्या १.६ मिमीच्या खुणेला टेकल्यात.

आता चारही बदलतोय. दुकानदार १९५/६० घ्या म्हणतो, पण त्याने व्यास साधारण १२ मिमी वाढतो, पिकअप मरेल का? २०५/५५ जवळपास मूळ व्यासाचाच आहे पण खड्ड्यांची भीती वाटते. मिशेलिन की योकोहामा? ओल्या रस्त्यावरची ग्रिप सगळ्यात महत्त्वाची, आवाज थोडा चालेल. कोणी वापरलेत का, प्लीज सांगा.