फितूर की जागल्या? लष्कराची गुपितं बाहेर काढणाऱ्यांबद्दल तुम्हाला काय वाटतं?

उत्तररात्र

नमस्कार मंडळी, गेला आठवडाभर चेल्सी मॅनिंगच्या प्रकरणाबद्दल मिळेल ते वाचत बसलोय आणि वाचावं तितका गुंता वाढतोय, म्हणून इथे विचारतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकन सैन्यात इराकमध्ये गुप्त माहितीची छाननी करणारी ही बावीस वर्षांची मुलगी (ती ट्रान्स स्त्री आहे, तेव्हा कागदोपत्री नाव ब्रॅडली होतं), तिने २०१० मध्ये सात लाखांवर कागदपत्रं विकिलीक्सला, म्हणजे फुटलेले गुप्त कागद छापणाऱ्या वेबसाइटला दिली. सीडीवर लेडी गागाचं नाव लिहायचं, गाणी ऐकतोय असं दाखवायचं आणि फाइली उतरवून घ्यायच्या. त्यात इराक-अफगाणिस्तानच्या युद्धाच्या रोजच्या नोंदी होत्या, अडीच लाख राजनैतिक केबल्स (दूतावासांनी आपल्या सरकारला पाठवलेले निरोप) होत्या आणि तो बगदादचा व्हिडिओ होता. १२ जुलै २००७, अपाचे हेलिकॉप्टरमधून खाली रस्त्यावरच्या माणसांवर गोळीबार होतो, त्यात रॉयटर्सचा फोटोग्राफर नमीर नूर-एल्दीन मरतो, त्याच्यासोबतचा सईद श्माग जखमी होऊन सरपटत असतो, त्याला उचलायला एक व्हॅन येते तर तिच्यावरही गोळ्या, आणि आत दोन लहान पोरं असतात. रॉयटर्सने माहिती कायद्याखाली हा व्हिडिओ मागितला होता, मिळाला नाही. ५ एप्रिल २०१० ला विकिलीक्सने टाकला तेव्हा जगाने पाहिला.

तो बघून मला मनापासून वाटलं की हे बाहेर आलं ते बरं झालं. पण मग केबल्सचं काय? अडीच लाख केबल्स एका माणसाने वाचल्या तरी असतील का? न वाचताच दिल्या ना? आणि शपथ घेतलेला प्रत्येक शिपाई उद्या स्वतःच ठरवायला लागला की हे गुपित ठेवायचं आणि हे नाही, तर सैन्य चालायचं कसं? व्हिसलब्लोअरला मराठीत जागल्या म्हणतात, शब्द मला फार आवडतो, पण जागल्याला राखणीसाठी गावाने नेमलेलं असतं. हिला कुणी नेमलं होतं? ३५ वर्षांची शिक्षा मला जास्त वाटते (ओबामांनी २०१७ मध्ये ती कमी केली, त्याच वर्षी मे महिन्यात ती सुटली), पण शिक्षाच नको असंही म्हणवत नाही. तुम्ही रेघ कुठे मारता?

शाईचा डाग

रेघ मारण्याआधी एक बघा की गुपिताचा शिक्का मारतं कोण. कारण आपण सगळे धरून चालतो की शिक्का आहे म्हणजे आत काहीतरी देशाच्या जिवावर बेतणारं असणार.

६ ऑक्टोबर १९४८ ला जॉर्जिया राज्यात वेक्रॉसजवळ अमेरिकन हवाई दलाचं एक बी-२९ विमान कोसळलं. गुप्त उपकरणांची चाचणी चालू होती, नऊ माणसं गेली, त्यात सैन्याबाहेरच्या संस्थांकडून आलेले तीन इंजिनियर होते. त्यांच्या बायकांनी सरकारवर दावा लावला आणि अपघाताचा चौकशी अहवाल मागितला. सरकार म्हणालं देता येणार नाही, राष्ट्रीय सुरक्षेचा प्रश्न आहे. खालची दोन्ही कोर्टं बायकांच्या बाजूने गेली, पण १९५३ मध्ये सुप्रीम कोर्टाने सरकारचं म्हणणं मान्य केलं आणि ते मान्य करताना न्यायाधीशांनी तो अहवाल स्वतः उघडूनसुद्धा पाहिला नाही. सरकारच्या शब्दावर विसंबले. आजही अमेरिकेत सरकार कोर्टात गुपिताचं कारण सांगतं तेव्हा याच रेनॉल्ड्स खटल्याचा दाखला देतात.

मग २००० साली त्या तिघांपैकी एकाच्या मुलीला, बाप गेला तेव्हा ती काही आठवड्यांची होती, तोच अहवाल इंटरनेटवर सापडला. खुला झाला होता. तिला वाटलं आता कळेल बाबा कसल्या गुप्त कामावर होते. त्यात त्या उपकरणांबद्दल सांगण्यासारखं काहीच नव्हतं. इंजिनाला आग लागली होती, आणि आग लागू नये म्हणून ज्या उष्णतारोधक पट्ट्या बसवायचा हुकूम होता त्या बसवलेल्याच नव्हत्या. म्हणजे कित्येक दशकं हलगर्जीपणा शिक्क्याखाली झाकला गेला होता. ती कुटुंबं पुन्हा कोर्टात गेली आणि हरली.

उत्तररात्र, तुमचा 'कुणी नेमलं' हा प्रश्न खरा आहे, पण कुंपणच शेत खायला लागलं तर ते सांगायची परवानगी कुंपणाकडेच मागायची का?

जुना सिग्नलमन

मी सैन्याच्या सिग्नलमध्ये, म्हणजे संदेशवहनात नोकरी केलेला माणूस आहे, त्यामुळे माझं मत बहुतेकांना आवडणार नाही, तरी लिहितो.

आधी शाईचा डाग यांचं खरं आहे ते मान्य करतो. मी नवा होतो तेव्हा जावक रजिस्टरवर बसायचो. टेबलावर लाकडी मुठीचे चार शिक्के आणि लाल शाईचं पॅड. कागद बघून शिक्का मारायचा. माझ्या वरच्यांनी पहिल्याच दिवशी शिकवलं की शंका आली तर वरच्या दर्जाचा मार. कारण साधं होतं, जास्त कडक शिक्का मारला म्हणून आजवर कुणाला शिक्षा झालेली नाही, कमी मारला तर कोर्ट ऑफ इन्क्वायरी. मग काय, जेवणाच्या वेळापत्रकात बदल झाला तरी त्यावर गोपनीय. हे मी स्वतःच्या हाताने केलंय.

पण दुसरी बाजू बाहेरच्या माणसाला दिसत नाही ती अशी, की कागदात काय लिहिलंय यापेक्षा ते आपल्याला कुणाकडून कळलं हे खरं गुपित असतं. समजा एका ओळीत एवढंच आहे की अमुक गावात मंगळवारी बैठक झाली. तुम्ही म्हणाल यात काय एवढं. पण त्या बैठकीला पाचच माणसं असतील तर पाचातला आपला कोण हे शोधायला शत्रूला एक दुपार पुरते. अफगाणिस्तानच्या नोंदी २५ जुलै २०१० ला बाहेर आल्या, पंचाहत्तर हजारांच्या वर. विकिलीक्सने पंधरा हजार मागे ठेवल्या होत्या, तरीही जे छापलं त्यात अमेरिकनांना मदत करणाऱ्या स्थानिक लोकांची नावं राहून गेली. शेतकरी, दुभाषे, गावातले म्हातारे. त्या लोकांनी कुठली शपथ घेतली नव्हती की त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मॅनिंगला इराकी पोरांचं वाईट वाटलं ते योग्यच, पण या लोकांच्या पोरांचं काय?

आता कुणीतरी लिहीलच म्हणून मीच लिहितो. खटल्यात ज्या ब्रिगेडियर जनरलने नुकसानीचा तपास केला होता त्याला विचारलं की या फुटीमुळे कुणाचा जीव गेला का, तेव्हा त्याला असं एकही उदाहरण देता आलं नाही. ठीक आहे. पण गाडी भरधाव हाकली आणि कुणी आडवं आलं नाही म्हणून हाकणारा शहाणा ठरत नाही. नावं गेली तेव्हा पुढे काय होईल हे कुणालाच माहीत नव्हतं. आणि हे सगळं करायच्या ऐवजी वरिष्ठांकडे तक्रार करता येते, त्याच्या वाटा असतात.

घाटवाट

सिग्नलमन काका, नावांच्या बाबतीत तुमच्याशी शंभर टक्के सहमत, पण शेवटच्या वाक्याशी नाही. वाटा असतात, पण त्या वाटेने गेलेल्यांचं काय झालं ते पण बघा.

थॉमस ड्रेक. एनएसए या अमेरिकेच्या पाळत ठेवणाऱ्या गुप्तचर संस्थेतला मोठा अधिकारी. तिथे एका अतिशय खर्चिक पाळत यंत्रणेत पैसा वाया जातोय आणि नागरिकांच्या खासगीपणाचं संरक्षण काढून टाकलंय असं त्याचं म्हणणं होतं. तो आधी वरिष्ठांकडे गेला, मग संरक्षण खात्याच्या इन्स्पेक्टर जनरलकडच्या तक्रारीत मदत केली, संसदेच्या समितीसमोर बोलला. अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. काही हललं नाही तेव्हा शेवटी एका वार्ताहराशी बोलला, आणि तेही गुप्त कागद दिले नाहीत असं तो कायम सांगत आला. घरावर एफबीआयचा छापा पडला, २०१० मध्ये दहा आरोप, त्यातले पाच १९१७ च्या हेरगिरी कायद्याखाली. म्हणजे पहिल्या महायुद्धात हेर पकडायला केलेला कायदा. पस्तीस वर्षं आत जाईल अशी वेळ होती. खटला उभा राहायच्या तोंडावर सरकारने सगळे मोठे आरोप मागे घेतले आणि संगणकाचा गैरवापर एवढ्या किरकोळ गुन्ह्यावर एक वर्ष प्रोबेशन झालं. तोवर नोकरी गेली, पेन्शन गेली, बँकेतले पैसे वकिलात गेले. हा माणूस नंतर अ‍ॅपलच्या दुकानात फोन विकत होता.

एनएसएचीच गुपितं फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनने हे प्रकरण बघितलं होतं आणि तसं बोलूनही दाखवलंय, की नीट वाटेने जाणाऱ्याचं काय होतं ते ड्रेककडे बघून कळतं. म्हणजे २०१३ ची त्याची ती प्रचंड फूट ही वाट बंद केल्याचाच परिणाम होता असं मी म्हणेन. पाणी अडवलं की ते बांध फोडूनच जातं.

वाट चालू असली की काय होतं त्याचंही उदाहरण आहे. माय लाय. १६ मार्च १९६८ ला व्हिएतनाममध्ये अमेरिकन सैनिकांनी शेकडो गावकरी मारले, बायका, मुलं, म्हातारे, आणि वर्षभर कुणाला पत्ता नव्हता. रॉन रायडनअवर नावाचा एक साधा सैनिक तिथे नव्हतासुद्धा. जे होते त्यांच्याकडून त्याने ऐकलं, एकाचं दुसऱ्याशी ताडून पाहिलं, सगळं मनात साठवलं आणि घरी परतल्यावर १९६९ च्या मार्चमध्ये पत्र लिहून खासदारांना आणि पेंटॅगॉनला मिळून तीसेक ठिकाणी पाठवलं. एकही गुप्त कागद फोडला नाही. बहुतेकांनी दखल घेतली नाही पण एक-दोघांनी घेतली आणि चौकशी लागली. शेवटी दोषी ठरला तो एकटा लेफ्टनंट कॅली, तोही साडेतीनेक वर्षं नजरकैदेत काढून सुटला, हे वाचून रक्त तापतं, पण निदान झालेलं खोटं ठरवता आलं नाही.

उत्तररात्र

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. ते बी-२९ चं प्रकरण मला अजिबात माहीत नव्हतं, रात्री दोन वाजेपर्यंत तेच वाचत होतो.

आता माझा अडलेला मुद्दा असा की सिग्नलमन काकांची भीती आणि घाटवाट यांचा राग, मला दोन्ही पटतात. मग सगळी साडेसात लाख कागदं ओतून द्यायची किंवा तोंड शिवून बसायचं, एवढ्याच दोन गोष्टी आहेत का? मॅनिंगला ते एखाद्या नीट वर्तमानपत्राकडे का नेता आलं नाही?

ओंजळभर

नेलं होतं! हे फार कमी लोकांना माहीत असतं. २८ फेब्रुवारी २०१३ ला मॅनिंगने कोर्टात स्वतः लिहिलेलं लांबलचक निवेदन वाचलं, त्यात ती सांगते की सुट्टीवर अमेरिकेत आली असताना तिने आधी वॉशिंग्टन पोस्टला फोन केला, तिथल्या वार्ताहराने आपल्याला गंभीरपणे घेतलं असं तिला वाटलं नाही, मग न्यूयॉर्क टाइम्सच्या मशीनवर निरोप ठेवला, उलट फोन आला नाही. तेव्हा मग विकिलीक्स. एक फोन कुणी उचलला असता तर हे प्रकरण कदाचित वेगळ्या वळणाने गेलं असतं, ही गोष्ट मला फार लागते.

मधल्या वाटेचं विचारताय तर एल्सबर्ग बघा. डॅनियल एल्सबर्ग स्वतः व्हिएतनाम धोरणाच्या आत बसलेला माणूस. पेंटॅगॉनने लिहून घेतलेला व्हिएतनाम युद्धाचा सात हजार पानांचा गुप्त इतिहास, त्यात चार-चार राष्ट्राध्यक्ष जनतेला एक सांगत होते आणि आत दुसरंच माहीत होतं हे कागदोपत्री. १९६९ च्या ऑक्टोबरपासून रात्री एका ओळखीच्या जाहिरात कंपनीच्या झेरॉक्स मशीनवर एकेक पान काढायचा. तेव्हाची मशीन, एकेक पान ठेवायचं, झाकण, उजेड, परत उचलायचं. तेरा वर्षांच्या मुलालाही मदतीला घेतलं. आणि हे बघा, आधी तो सिनेटरांकडेच गेला, त्यांनी हात झटकले तेव्हा न्यूयॉर्क टाइम्स, १३ जून १९७१. माझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याने शांतता वाटाघाटींचे चार खंड वर्तमानपत्रांना दिले नाहीत. ते बाहेर आले तर युद्ध थांबवायच्या बोलण्यांत अडथळा येईल, म्हणून. त्याने सगळं वाचलं होतं म्हणून काय मागे ठेवायचं हे त्याला कळलं. न वाचता दिलेल्या केबल्सचं समर्थन मी करू शकत नाही ते यामुळेच. ही माझी रेघ: जे वाचलंय, ज्याचा अर्थ कळलाय आणि ज्यात अन्याय दिसलाय तेवढंच, आणि तेही नावं झाकणाऱ्याच्या हातात. मॅनिंगचा व्हिडिओ या रेघेच्या आत, इराकच्या नोंदीही मी आत धरते कारण त्यांच्यामुळे आधी कुठेच न मोजलेले पंधरा हजारांच्या आसपास नागरिक मृत्यू समोर आले. केबल्स बाहेर.

आणि हेतूचं म्हणाल तर हेतूवर जाऊ नका. ऑस्ट्रेलियाचा डेव्हिड मॅकब्राइड, सैन्यातला वकील, त्याने अफगाणिस्तानातल्या कारवायांचे कागद वार्ताहरांना दिले ते आपल्या सैनिकांच्या मागे उगाच चौकशांचा ससेमिरा लावलाय म्हणून. वार्ताहरांनी कागद वाचले तर त्यात बेकायदा हत्यांचा संशय दिसला. पुढे २०२० मध्ये स्वतः सैन्याच्याच चौकशीने ३९ बेकायदा हत्यांची विश्वासार्ह माहिती असल्याचं म्हटलं. २०२४ मध्ये मॅकब्राइडला पाच वर्षं आठ महिन्यांची शिक्षा झाली. उलट अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्डमधला जॅक टिशेरा, चॅटरूममधल्या मित्रांवर छाप पाडायला युक्रेन युद्धाची कागदपत्रं टाकत होता, त्याला जागल्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

माझा खरा राग हेरगिरीच्या कायद्यावर आहे. एल्सबर्गच्या खटल्यात त्याच्याच वकिलाने त्याला विचारलं की तुम्ही हे का केलंत, सरकारी वकिलाने हरकत घेतली आणि न्यायाधीशांनी ती मान्य केली. का केलं हे सांगायचीच मुभा नाही. पैशासाठी विकणारा आणि लोकांना सांगणारा एकाच पिंजऱ्यात उभे. तो सुटला तोही निर्दोष ठरून नाही, तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या माणसांनी त्याच्या मानसोपचारतज्ज्ञाचं ऑफिस फोडलं वगैरे बाहेर आलं म्हणून १९७३ मध्ये खटलाच रद्द झाला.

जुना सिग्नलमन

ओंजळभर ताई, नावं झाकण्याचा मुद्दा तुम्ही घेतलात, बरं वाटलं. केबल्सवर आपलं जमलं. इराकच्या नोंदींवर माझं अजून जमत नाही, पण विचार करतोय.

एक कबूल करतो. तो व्हिडिओ मी आजवर पाहिला नव्हता, मुद्दामच. काल रात्री कान लावून पूर्ण ऐकला, कारण आयुष्यभर हेडफोन लावून तेच केलं. बहुतेक लोक गोळीबार बघतात. नंतरचा भाग ऐका. खाली पायदळ पोचतं, एक सैनिक व्हॅनमधून लहान पोराला उचलून कडेवर घेऊन चिलखती गाडीकडे पळतो. मग रेडिओवर विचारणा होते की मुलांना आपल्या हॉस्पिटलला नेतो. थोड्या वेळाने उत्तर येतं की नाही, स्थानिक पोलिसांकडे द्या. समोरून 'रॉजर'. असे निरोप मी हजारदा पुढे दिलेत, तोच आवाज, तीच खरखर. मी शिक्का घेऊन बसलो असतो आणि ही टेप समोर आली असती, तर मी लाल शिक्काच मारला असता. काल झोप लागली नाही.