क्लॅरिनेटचा सूर भरदार व्हावा यासाठी कोणता माऊथपीस निवडावा?

मंद्रस्वर

नमस्कार. मी बी फ्लॅट क्लॅरिनेट वाजवतो. वाद्याबरोबर मिळालेला यामाहा ४सी हाच माऊथपीस (तोंडात धरायचा भाग) आणि अडीच नंबरची रीड (माऊथपीसला लावायची वेताची पातळ पट्टी; नंबर जेवढा मोठा तेवढी ती कडक) मी अजूनही वापरत आहे. खालच्या सुरांबद्दल माझी तक्रार नाही. परंतु रजिस्टर की (सूर वर नेणारी कळ) दाबून वरच्या भागात गेलो की सूर बारीक आणि कर्कश होतो, आणि जोर वाढवला तर तो पसरतो व थोडा उतरतोही. सोबत वाजवणाऱ्या बहुतेकांचा सल्ला ‘सरळ व्हँडोरेन कंपनीचा बी४५ माऊथपीस घ्या’ असा आहे. एकाने काचेचा माऊथपीस अधिक गोड वाजतो असे सांगितले. माऊथपीस आणि रीड यांच्या टोकांमधली फट किती असावी, एबोनाईट (कडक रबर) घ्यावे की काच, आणि माऊथपीस बदलल्यास रीडही बदलावी लागेल का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

सुषिर

माऊथपीस बदलण्याचा विचार अयोग्य नाही, पण आपण सांगितलेल्या लक्षणांवरून मला पहिला संशय रीडचा येतो. जोराने फुंकल्यावर सूर उतरणे, पसरणे आणि वरच्या भागात बारीक होणे, या तिन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की रीड त्या माऊथपीसच्या मानाने मऊ पडत आहे, असे बहुधा निघते. ४सीची टोकाजवळची फट १.०५ मिलिमीटर आहे, म्हणजे तो बऱ्यापैकी बंद माऊथपीस आहे. त्याच्यावर मऊ रीड ओठाच्या थोड्याशा दाबानेही मिटू लागते. त्यामुळे आधी तीन नंबरची रीड लावून पाहावी. मात्र एका कंपनीचा तीन नंबर दुसऱ्या कंपनीच्या तीनशी जुळेलच असे नाही, हे लक्षात असू द्यावे.

त्याबरोबरच दोन गोष्टी तपासाव्यात. रीड ओली करून लिगेचरने, म्हणजे ती आवळून धरणाऱ्या पट्ट्याने, नीट बसवावी. रीडच्या टोकामागे माऊथपीसची काळी कड केसाएवढीच दिसली पाहिजे. मग माऊथपीसचे मागचे तोंड तळहाताने घट्ट झाकून पुढून हवा ओढून घ्यावी आणि माऊथपीस तोंडातून काढावा. रीड क्षणभर चिकटून राहून मग ‘टप्’ असा आवाज करीत सुटली, तर ती माऊथपीसच्या टेबलावर, म्हणजे रीड टेकते त्या सपाट भागावर, आणि दोन्ही कडांवर नीट बसली आहे असे समजावे. लगेच सुटली, तर कुठेतरी हवा गळते आहे. दोष रीडचा की माऊथपीसचा हे ठरवण्यासाठी हीच चाचणी दुसऱ्या नव्या रीडवर करावी. टोकाची कडही उजेडात धरून पाहावी, कारण तिथे बारीकसा टवका उडालेला असेल तर रीड कोणतीही लावली तरी सूर चिरकण्याची शक्यता राहते.

दुसरी तपासणी ओठांची आहे. फक्त माऊथपीस आणि बॅरल (माऊथपीसखालची आखूड नळी) जोडून पूर्ण जोराने फुंकावे. ट्यूनरवर एफ शार्प, म्हणजे काळी तीन, स्थिर दिसली पाहिजे. त्याहून खाली घसरत असेल तर पकड सैल आहे, आणि वर जात असेल तर आपण रीड चावत आहात. पकडीतला हा दोष नव्या माऊथपीसवरही आपल्यासोबत येईल.

पांढरी_चार

सुषिर यांच्याशी मी सहमत आहे. फक्त फटीबद्दल अधिक लिहितो, कारण बी४५चा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो प्रत्येकाला लागू पडत नाही.

माऊथपीसचे टोक आणि रीडचे टोक यांच्यामधली फट जेवढी मोठी, तेवढे रीडला कंप पावताना अधिक अंतर कापावे लागते. म्हणून मोठ्या फटीला तुलनेने मऊ रीड आणि लहान फटीला तुलनेने कडक रीड लागते. पण फटीचा आकडा एकटा फार काही सांगत नाही. रीड टेबलापासून ज्या ठिकाणी सुटू लागते तिथून टोकापर्यंतच्या वक्र भागाला फेसिंग म्हणतात, आणि त्याची लांबीही तितकीच महत्त्वाची आहे. लांब फेसिंगवर रीडचा अधिक भाग हलतो, त्यामुळे फट तीच असूनही थोडी कडक रीड सहज चालते.

आता आकडे पाहू. बी४५ची फट १.१९५ मिलिमीटर आहे, म्हणजे आपल्या ४सीपेक्षा जवळपास दीड दशांश मिलिमीटरने अधिक. वाचायला हा फरक क्षुल्लक वाटतो, पण ओठांना तो पहिल्याच फुंकीत जाणवतो. बी४५चा आवाज मोठा आणि मोकळा असतो, सूर वाकवायला जागा मिळते. मात्र पकड पक्की नसेल तर वरचे सूर सावरणे अधिक अवघड जाते, आणि आपली अडचण नेमकी तिथेच आहे. आपल्या जागी मी आधी ५आरव्ही लायर (१.०९) आणि एम३० (१.१५, लांब फेसिंग) हे दोन वाजवून पाहिले असते. पहिला आपल्या सवयीच्या जवळचा आहे. दुसऱ्यावर फट अधिक असूनही लांब फेसिंगमुळे तीन किंवा साडेतीनची रीड बसते, आणि माझ्या मते आपण ज्याला भरदारपणा म्हणता तो याच जोडीत लवकर सापडेल. बी४०ची फट बी४५एवढीच आहे, परंतु त्याच्या टोकाची कड रुंद असल्यामुळे सूर अधिक घट्ट लागतो. बी४५ आवडूनही त्याचा पसरटपणा खटकला, तरच बी४०चा विचार करावा.

ट्यूनर

काचेविषयी थोडक्यात. सूर घडतो तो आतल्या आकारामुळे: टोकामागचा उतार, ज्याला बॅफल म्हणतात, त्याच्या पुढची पोकळी आणि शेवटचे भोक. काचेचे आणि एबोनाईटचे माऊथपीस वेगळे वाजतात ते मुख्यतः त्यांच्या आतली घडण वेगळी असल्यामुळे. काच झिजत नाही आणि उष्णतेने तिचा आकार बदलत नाही हे तिचे खरे गुण आहेत. पडली की फुटते हा अवगुण सांगायला नकोच. एबोनाईट घेतल्यास ते गरम पाण्याने कधीही धुवू नये, रंग हिरवट-तपकिरी होतो आणि फेसिंगचा आकार बिघडण्याची भीती असते.

मंद्रस्वर

सर्वांचे आभार. तीन नंबरच्या रीडने बराच फरक पडला. जोर वाढवला तरी सूर आता उतरत नाही. ट्यूनरवर मात्र काळी तीनच्या थोडे वर जात होतो, तेव्हा चावण्याची सवय आहे हे उघड झाले. त्यावर उपाय काय? आणि वरचा भाग अजूनही थोडा कोरडा वाटतो, म्हणून एम३० आणि ५आरव्ही लायर दोन्ही पाहण्याचे ठरवले आहे. तुलना नेमकी कशी करावी?

सुषिर

चावण्याच्या सवयीवर एक साधा उपाय आहे. कागदाचा पातळ कपटा रीड आणि फेसिंग यांच्यामध्ये टोकाकडून अलगद सरकवावा. तो जिथे अडतो तिथे रीड टेबलापासून सुटते. त्या जागेवर रीडवर पेन्सिलीने बारीक खूण करावी आणि खालचा ओठ साधारण तिथे येईल एवढा माऊथपीस तोंडात घ्यावा. बरेच वादक याहून बराच कमी भाग तोंडात घेतात, मग रीडचे टोकच दाबले जाते आणि सूर चिमटल्यासारखा निघतो. एम३०चे फेसिंग लांब असल्यामुळे ही खूण ४सीपेक्षा मागे येईल, तेव्हा नव्या माऊथपीसवर ती पुन्हा करावी.

तुलनेसाठी आपल्या वाजत्या, रुळलेल्या रीड सोबत न्याव्यात आणि त्यांत अर्धा नंबर वरचीही एक असू द्यावी; एकच रीड दोन्हींवर लावून निकाल दिला तर तो निकाल त्या रीडचा होतो. वाद्य, बॅरल आणि लिगेचर बदलू नये. आधी लांब, संथ सूर अगदी हळू आवाजापासून मोठ्यापर्यंत न्यावेत, मग खालच्या सुरावर रजिस्टर की उघडून वरचा बारावा सूर किती सहज आणि किती सुरात येतो ते ट्यूनरवर पाहावे. ऐकणारा कोणी असेल तर त्याला काही अंतरावर पाठमोरा बसवावा, कारण वाजवणाऱ्याला दातांमधून येणारा कंप अधिक ऐकू येतो आणि जवळून गोड वाटणारा माऊथपीस लांबून निस्तेज असू शकतो. एकाच मॉडेलचे दोन-तीन नग मिळाले तर तेही वाजवून पाहावेत. त्यांत फरक असतो.

पट्टीचेही पाहावे लागेल. व्हँडोरेनचे नेहमीचे माऊथपीस ए = ४४२ हर्ट्झला धरून केलेले असतात, आणि ‘सिरीज १३’ असे लिहिलेले ४४०ला. आपण ४४०ला वाजवत असाल आणि नेहमीचा घेतलात, तर बॅरल थोडी ओढावी लागेल. तसे केल्यावर गळ्याचे सूर, म्हणजे वरचा भाग सुरू होण्याआधीचे जी ते बी फ्लॅट, इतरांपेक्षा अधिक उतरतात, कारण त्या सुरांची नळी आखूड असते आणि मिलिमीटरभर अंतरही तिला जास्त लागते. म्हणून माऊथपीस पसंत करण्यापूर्वी बॅरल हवी तेवढी ओढूनच गळ्याचा ए ट्यूनरवर तपासावा.

पांढरी_चार

यात एवढीच भर घालतो की दोन्ही माऊथपीस एकाच बैठकीत फार वेळ वाजवू नयेत. ओठ थकले की जो कमी फटीचा असेल तोच बरा वाटू लागतो.