१२३४५६७८९८७६५४३२१ चे मूळ अवयव कागदावर कसे काढायचे?

प्रश्न:
नऊ वेळा १ लिहून वर्ग केला की १२३४५६७८९८७६५४३२१ मिळते. गणिती द. रा. कापरेकरांनी अभ्यासलेल्या डेम्लो संख्यांपैकी ही एक. १११११११११ ला ३३३ ने भागलं की ३३३६६७ येतात. ही संख्या मूळ आहे हे ५७७ पर्यंतच्या सगळ्या १०६ मूळ संख्यांनी न भागता दाखवता येईल का? एकूण विभाजक किती? आणि १ दहा वेळा लिहिला की क्रम का बिघडतो?

उत्तर १:
आधी तोडून घ्या: १११११११११ = १११ × १००१००१. १११ = ३ × ३७ आणि १००१००१ = ३ × ३३३६६७.

आता p ही मूळ संख्या ३३३६६७ ला भागते असं धरा. मग ती १०^९ − १ लाही भागते. म्हणजे १० च्या ज्या सर्वांत लहान घाताला p ने भागून बाकी १ उरते, तो घात १, ३ किंवा ९ असणार. १ किंवा ३ असेल तर p फक्त ३ किंवा ३७. पण ३३३६६७ ची अंकबेरीज २८, म्हणून ३ बाद. ३७ ने भागल्यावर बाकी १, म्हणून तीही बाद. उरला ९. तो p − १ ला भागतो आणि p विषम आहे, म्हणून p = १८k + १. इथेच यादी १६ वर येते: १९, ७३, १०९, १२७...

अजून एक चाळणी लावा, ती फार कामाची आहे. १०^९ ची बाकी १, म्हणून १०^१० ची बाकी १० च्या बाकीइतकीच. म्हणजे p च्या हिशेबात १० हा १०^५ चा वर्ग झाला. वर्गव्युत्क्रमाच्या नियमानं (एखाद्या मूळ संख्येच्या हिशेबात कोणती संख्या वर्ग ठरते ते सांगणारा नियम) p ला ४० ने भागून बाकी १, ३, ९, १३, २७, ३१, ३७ किंवा ३९ च हवी. उरतात फक्त सहा:

१६३ (बाकी ६), १९९ (१४३), २७१ (६६), ३०७ (२६५), ३९७ (१८७), ५२३ (५१६).

कंसात ३३३६६७ ला भागल्यावरच्या बाक्या आहेत. एकही शून्य नाही, म्हणून ३३३६६७ मूळ. १२३४५६७८९८७६५४३२१ चे अवयव ३^४ × ३७^२ × ३३३६६७^२, विभाजक ५ × ३ × ३ = ४५.

उत्तर २:
दहा वेळा १ घेतला की उभ्या गुणाकारात मधल्या रकान्याची बेरीज १० होते. तिथे ०, हातचा १. डावीकडच्या रकान्यात ९ + १, पुन्हा ० आणि हातचा १. त्याच्या डावीकडे ८ + १ = ९, तिथे हातचा संपतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१, डाव्या बाजूचा ८ गायब. पडताळा असा: हातचा नसता तर अंकबेरीज १०० झाली असती. प्रत्येक हातच्यामागे ९ कमी होतात, हातचे दोन, म्हणून ८२. बेरीज करून बघा, जुळते.

उत्तर ३:
१२३४५६७८९८७६५४३२१ चा पडताळा एक्सेलमध्ये घेऊ नका. तिथे १५ अंकच टिकतात, शेवटचे २१ जाऊन ०० येतात. जावास्क्रिप्टच्या साध्या संख्येत शेवट ३२० होतो, कारण २^५३ च्या पुढे विषम संख्या साठवताच येत नाहीत. पायथॉनचे पूर्णांक किंवा ६४ बिटांचा पूर्णांक घ्या, त्यात ही संख्या अचूक बसते.