मानेच्या नसेत ७५ टक्के अडथळा: थांबायचं, स्टेंट टाकायचा की साफ करायचं?

तालुका_फिजिशियन
वय ६८, मधुमेह, वर्षानुवर्षं विडी. पाच दिवसांपूर्वी जेवताना उजव्या हातातला घास सुटला, जीभ अडखळली. पंधरा मिनिटांत सगळं पूर्ववत. मेंदूचा सीटी स्वच्छ, ईसीजी नॉर्मल. डॉप्लरमध्ये (रक्ताचा वेग दाखवणारी सोनोग्राफी) डाव्या इंटर्नल कॅरोटिडच्या, म्हणजे मेंदूला रक्त नेणाऱ्या मानेतल्या धमनीच्या, तोंडाशी ७५ टक्के अडथळा, उजवीकडे ४०. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल (गुठळी रोखायला), कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्वास्टॅटिन ८० सुरू आहे. तीन महिने गोळ्यांवर ठेवून पुन्हा डॉप्लर केला तर चालेल का? घरचे म्हणतात, चिरफाड नको, स्टेंट टाका.

सोनोग्राफी_कक्ष
नुसत्या टक्क्यांवर जाऊ नका, रिपोर्टमधला वेग बघा. पीएसव्ही (ठोक्यागणिक रक्ताचा सर्वाधिक वेग) सेकंदाला २३० सेंमीच्या वर आणि कॉमन कॅरोटिड या खालच्या मूळ धमनीतल्या वेगाच्या चौपटीहून जास्त असेल तर ७०च्या पुढे धरा. फसगत दोन ठिकाणी होते. कॅल्शियमची सावली नेमकी अरुंद जागेवर पडली तर खरा वेग हाती लागत नाही. आणि वाट दोऱ्याएवढीच उरली की वेग उलट उतरतो, रिपोर्ट सौम्य वाटतो. म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघून महाधमनीच्या कमानीपासून डोक्यापर्यंत सीटी अँजिओ (औषध टोचून धमन्यांचा सीटी) करून घ्या. टक्के नॅसेट (मानेच्या धमनीवरच्या शस्त्रक्रियेची गाजलेली चाचणी) पद्धतीने मोजलेत का, तेही विचारा. जुन्या युरोपीय पद्धतीचे ७५ म्हणजे नॅसेटचे पन्नाशीच्या घरातले.

मान_आणि_नस
तीन महिने अजिबात नकोत! लक्षणं दिल्यानंतर दोन आठवड्यांत धमनी आतून साफ करायची शस्त्रक्रिया झाली तर साधारण ५ जणांमागे एक झटका (पक्षाघाताचा) टळतो. १२ आठवडे उलटले की तेवढ्याच लाभासाठी १२५ जणांची मान उघडावी लागते. तुमचे पाच दिवस आधीच गेलेत. १९९१च्या नॅसेट चाचणीत ७० ते ९९ टक्के अडथळ्याच्या रुग्णांना दोन वर्षांत त्याच बाजूचा झटका गोळ्यांवर २६ टक्क्यांना आला, शस्त्रक्रियेनंतर ९ टक्क्यांना. नस पूर्ण बंद असेल तर मात्र ही शस्त्रक्रिया करत नाहीत.

हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) देऊन नस चिमट्यांनी बंद करतात, उभी उघडतात आणि आत साचलेला चरबीचा थर व भिंत यांच्यामध्ये बोथट हत्याराने शिरून थर सालीसारखा सोलतात. सगळा जीव वरच्या टोकात असतो. तिथे थर पातळ होत भिंतीत विरला पाहिजे. कडा सुटी राहिली तर रक्ताचा झोत तिच्याखाली शिरतो, ती उचलली जाते, तिच्यावर गुठळी धरते आणि झटका येतो. म्हणून सुटी कडा बारीक टाक्यांनी बसवतात. नस नुसती शिवली तर पुन्हा अरुंद व्हायचा धोका जास्त, त्यामुळे ठिगळ लावून बंद करणं बरं. अ‍ॅस्पिरिन शस्त्रक्रियेच्या दिवशीही चालू ठेवा. क्लोपिडोग्रेलचं सर्जनशी बोलून ठरवा.

कॅथलॅब
घरच्यांची भीती समजते, पण 'चिरफाड नाही' म्हणजे 'धोका नाही' असं होत नाही. स्टेंट आणि शस्त्रक्रिया यांची तुलना करणाऱ्या २०१०च्या क्रेस्ट चाचणीत उपचाराच्या सुमारास झटका स्टेंटमध्ये ४.१ टक्के, शस्त्रक्रियेत २.३, हार्ट अटॅक मात्र उलटा, १.१ विरुद्ध २.३. सत्तरीच्या आसपास पारडं शस्त्रक्रियेकडे झुकतं. वयाबरोबर महाधमनीची कमान वेडीवाकडी आणि कडक होते, स्टेंटची तार तिच्यातून फिरवतानाच कण सुटतात. कण अडवायला लावतात तो फिल्टर उघडायच्या आधी सुटलेला कण फिल्टर कसा पकडणार? मानेला रेडिएशन झालेलं असेल, तिथे आधी शस्त्रक्रिया झाली असेल किंवा अडथळा जबड्याच्या फार वर असेल, तर स्टेंट आधी विचारात घ्यावा. फुगा फुगवताना नाडी एकदम मंदावते, अ‍ॅट्रोपिन (नाडी वाढवणारं औषध) भरून तयार हवं.

तालुका_फिजिशियन
उद्याच पाठवतो. घरी आल्यावर लक्ष कशावर ठेवू?

मान_आणि_नस
पाठवण्याआधी त्या टीमचं झटका आणि मृत्यूचं एकत्रित प्रमाण विचारा. लक्षणं असलेल्या रुग्णांत ते ६ टक्क्यांच्या आत हवं. पहिल्या रात्री मान फुगून श्वास अडला तर स्कॅनची वाट न बघता जागच्या जागी टाके उघडायचे, हे वॉर्डातल्या सिस्टरला माहीत असलं पाहिजे. जीभ एका बाजूला वळणं, आवाज घोगरा होणं हे शेजारचे मज्जातंतू ओढले गेल्यामुळे होतं, बहुतेकांचं काही महिन्यांत सुधारतं. घरी आल्यावर पहिले दोन आठवडे रोज बीपी मोजा. त्याच बाजूचं डोकं जोरात दुखू लागलं किंवा फिट आली, तर अनेक वर्षं उपाशी राहिलेल्या मेंदूत अचानक रक्ताचा लोंढा गेलाय असं समजा. बीपी उतरवत लगेच परत पाठवा, दुखणं थांबायची गोळी देऊन घरी ठेवू नका.