भंगारातलं तांबं घरी काढून विकावं, की अख्खी वस्तू देऊन टाकावी?

शनिवारकर:
घरोघरच्या साफसफाईत निघालेले मिक्सर, पंखे, जुने स्टॅबिलायझर, वायरींची भेंडोळी हे सगळं आमच्या सोसायटीतली कॉलेजची दोन मुलं आणि मी मिळून मोडतो. तांबं वेगळं काढून भवानी पेठेत वजनावर विकतो आणि पैसे सोसायटीच्या वाचनालयाला देतो. परवाच्या सभेत यावर आक्षेप आला. हे घरी करायचं काम नाही, अख्ख्या वस्तू ई-कचऱ्यात द्या, असं काहींचं म्हणणं. मला ते अजिबात पटत नाही.

तांबं कितीदाही वितळवा, त्याचा कस उतरत नाही. खाणीतल्या दगडात ते बहुतेक ठिकाणी शेकडा एक भागही नसतं, इथे पंख्याच्या मोटरीत आयतं गुंडाळून ठेवलेलं आहे. तमिळनाडूतल्या तुतिकोरिनचा तांबं शुद्ध करणारा मोठा कारखाना 2018 मध्ये बंद पडल्यापासून देशाला शुद्ध तांबं बाहेरून आणावं लागतंय. असं असताना हातातलं तांबं कचऱ्यात का घालायचं?

आणि आम्ही काहीही जाळत नाही. जाड वायर फळीवर दाबून धरायची, ब्लेडने लांबीला चीर द्यायची, वरचं प्लास्टिक सालीसारखं निघून येतं. मोटर असेल तर गुंडाळीचं एका बाजूचं डोकं छिन्नीने साफ उडवायचं आणि दुसऱ्या बाजूने पकडीने ओढायचं, की तारांचा जुडगा सरळ बाहेर. यात गैर काय आहे ते सांगा.

मुठाकाठ:
जाड वायरीचं ठीक आहे. चार्जरच्या, हेडफोनच्या केसासारख्या वायरी कोण सोलत बसतं? त्या तुम्ही तशाच विकत असणार, आणि पुढे कुठल्यातरी मोकळ्या जागेत रात्री त्यांचा ढीग पेटतो. वायरीवरच्या पीव्हीसी प्लास्टिकमध्ये क्लोरीन असतं. ते जळताना डायॉक्सिन नावाची जहाल विषारी द्रव्यं तयार होतात, आणि तांबं शेजारी असलं की ती क्रिया आणखी जोर धरते. जुन्या वेष्टणात शिसंही असायचं. तो धूर शेजारच्या वस्तीतल्या पोरांच्या छातीत जातो. तुमच्या फळीवर धूर निघत नाही म्हणून तो कुठेच निघत नाही असं नाही.

अनुराधा_जनता_वसाहत:
काका, मी वेगळ्या बाजूने बोलते. माझी आई कचरा वेचते, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीची जुनी सभासद आहे. 1993 पासून या बायका भांडतायत की कचऱ्यातल्या मालावर पहिला हक्क वेचणाऱ्याचा. तुम्ही मोटरीतून तांबं काढून घेता आणि तिच्या हातात प्लास्टिकचं खोकं, फुटका जार आणि सर्किटची पाटी देता. त्या खोक्याला भाव नाही. ते डोक्यावर घेऊन चालावं असं त्यात जे काही होतं, तेच तुम्ही काढलंत. मग तशी खोकी नाल्यात पडलेली दिसतात आणि सगळे वेचणाऱ्यांनाच बोल लावतात.

वाचनालयाला पुस्तकं मिळावीत हे मलाही वाटतं. पण ती आईच्या मिळकतीतून नकोत.

वाइंडिंगवाला_नाना_पेठ:
माझं रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरींत नवी तार गुंडाळून देण्याचं दुकान आहे, रोज हेच हाताखालून जातं. काका, तुमची पद्धत बरोबर आहे. जळकी तार काळी आणि ठिसूळ होते, भावही कमी मिळतो, म्हणजे जाळण्यात पैशाचाही फायदा नाही.

दोन गोष्टी मात्र पोरांना बजावून सांगा. मायक्रोवेव्हला हात लावायचा नाही. प्लग काढून ठेवला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये, म्हणजे वीज साठवणाऱ्या भागात, दोन हजार व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो, माणूस जागच्या जागी जाऊ शकतो. फ्रीजची नळीही कापायची नाही. नव्या फ्रीजमध्ये पेट घेणारा गॅस असतो, जुन्यातला ओझोनला घातक.

आणि लाल दिसतं ते सगळं तांबं नसतं. स्वस्तातल्या मोटरींत आणि नेटवर्कच्या केबलींत आत ॲल्युमिनियम असतं, वर फक्त लाल रंगाची लाख किंवा तांब्याचा पातळ थर. ब्लेडने खरवडा, पांढरं दिसलं की कळलं. हातात घेतलं तरी समजतं, तांबं ॲल्युमिनियमच्या तिपटीहून जड.

शनिवारकर:
मायक्रोवेव्ह आणि फ्रीज आम्ही घेतच नाही. बारीक वायरीही विकत नाही, त्या ई-कचऱ्याच्या पेटीतच टाकतो.

अनुराधा, तुझा मुद्दा मला लागला. पण आमच्याकडची वस्तुस्थितीही ऐक. कचरा न्यायला येणाऱ्या ताईंच्या हाती हा माल याआधीही कधी पडला नव्हता. लोक तो वॉचमनला द्यायचे नाहीतर माळ्यावर वर्षानुवर्षं ठेवायचे. आम्ही मागायला लागलो म्हणून तो बाहेर आला. हे हिरावून घेणं कसं?

अनुराधा_जनता_वसाहत:
माल बाहेर तुम्ही काढलात हे मान्य, चांगलंच केलंत. मग ताईंनाच बसवा ना त्या फळीपाशी. चीर द्यायला त्यांना शिकवावं लागणार नाही. तुमच्या सोसायटीत जागा आहे, सावली आहे, हातमोजे आणून देता येतील. तांबं त्यांचं, आणि उरलेलं खोकं गोळा करून नोंदणी असलेल्या रिसायकलरकडे पाठवण्याची जबाबदारी सोसायटीची.

मुठाकाठ:
याला माझी हरकत नाही, फक्त नियम बघून करा. 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. मोडतोडीचा धंदाच करायचा तर नोंदणी लागते. ताईंना मदत करायला जाल आणि त्याच अडकतील असं व्हायला नको.

शनिवारकर:
ताईंशी बोलतो. त्यांना हे काम हवंय का, हे आधी त्यांनाच विचारायला हवं. वाचनालयासाठी सभेत वर्गणीचा विषय मांडतो. पण जाड वायर अख्खी फेकून द्या असं कुणी म्हणालं तर त्याला विरोधच करीन.

वाइंडिंगवाला_नाना_पेठ:
कोणीही मोडा, पण मोडायच्या आधी एकदा कुणा जाणकाराला दाखवा. मिक्सर बंद पडला की लोक मोटर गेली म्हणतात. पुष्कळदा नुसते कार्बन ब्रश झिजलेले असतात. ते बदलले की मिक्सर पुन्हा चालतो. तुमच्या ढिगातले सगळे मिक्सर दुकानावर घेऊन या, तपासायचे पैसे घेणार नाही.